फोन दिवाळीचा, मुदत मॉडेलची: अमळनेरातलं एक प्रकरण

एका घरात एकाच दिवशी, एकाच काउंटरवरून दोन फोन आले. दिवाळी 2022 ची. दोन्ही सीलबंद, दोन्हींवर 5जी लिहिलेलं, किमतीत हजार-दीड हजाराचा फरक. जुलै 2025 मध्ये त्यातल्या एकावर जून महिन्याचा सुरक्षा पॅच, म्हणजे सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती, आलेला होता. दुसरा एप्रिल 2024 वर थांबला होता आणि तरीही विचारलं की स्क्रीनवर सांगत होता, 'तुमची सिस्टीम अप टू डेट आहे'. थांबलेला फोन घरातल्या कर्त्या माणसाचा होता आणि घराची बरीचशी पुंजी त्याच फोनच्या आधारावर होती.

मी अमळनेरात मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. काच, बॅटरी, चार्जिंगचा पॉइंट हे रोजचं. अपडेटची तक्रार घेऊन सहसा कोणी दुकानात येत नाही, कारण त्यात काही मोडलेलं दिसत नाही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. घरच्यांना विचारून लिहितो आहे, नावं घालत नाही. ज्यांचा फोन, त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात, मीही म्हणतो.

घर आणि त्यातला फोन

जिभाऊंचं घर शहराला लागूनच्या गावात. कोरडवाहू कापूस, थोडी ज्वारी. मुलगा शेतीसोबत दोन म्हशी सांभाळतो, लेक सासरी नाशिकला. इथपर्यंत खान्देशातल्या कुठल्याही घरासारखं. पण अमळनेरचं एक वेगळेपण या प्रकरणात मधोमध येतं. विप्रो ही आजची मोठी कंपनी 29 डिसेंबर 1945 ला इथेच सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. त्या काळी गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी ते जपले. जिभाऊंच्या वडिलांनी घेतलेले थोडे शेअर असेच कागदावर पडून होते. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येणं बंद झालं, तेव्हा नाशिकच्या जावयांनी धावपळ करून ते डिमॅटमध्ये आणले. डिसेंबर 2024 मध्ये एकास एक बोनस मिळाला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, आणि तेव्हापासून जिभाऊ रोज सकाळी चहासोबत ॲप उघडून आकडा पाहू लागले.

म्हणजे या एका फोनवर काय काय होतं? डिमॅटचं ॲप, जिल्ह्याच्या बँकेचं ॲप, यूपीआय, पीएम किसानचा मेसेज येणारा नंबर, ई-पीक पाहणी आणि आधारला जोडलेलं सिम. शेअर विकायचे तर त्याचा ओटीपी याच फोनवर. बँकेतून पैसे काढायचे तर तोही याच फोनवर. कुलूप आणि किल्ली एकाच खिशात.

अपडेटची वाट

खरेदीच्या वेळी हवा 5जीची होती. 1 ऑक्टोबर 2022 ला देशात 5जी सुरू झालं आणि तीन आठवड्यांनी दिवाळी आली. दुकानदाराने 5जीचे दोन फोन पुढे केले. पण फोनमध्ये 5जीची चिप असली म्हणजे 5जी चालतंच असं तेव्हा नव्हतं. जिओने संपूर्ण स्वतंत्र 5जी यंत्रणा उभी केली, एअरटेलने आधीच्या 4जीच्या पाठीवर 5जी चालवलं. दोन्हींसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी तयारी लागते आणि आधी विकलेल्या कित्येक फोनना ती अपडेटमधूनच मिळाली. जिभाऊंच्या फोनला ते अपडेट महिना-दोन महिन्यांत आलं, गावात सिग्नल यायच्या आधीच. त्यांचा विश्वास बसला की ही कंपनी शब्द पाळते.

दुसऱ्यांदा वाट पाहिली ती अँड्रॉइड 13 ची. गूगलने तो ऑगस्ट 2022 मध्ये काढला. जिभाऊंच्या मॉडेलसाठी कंपनीने तो 2023 च्या सुरुवातीला सोडला, पण फोनवर चढला आखाजीला, म्हणजे एप्रिलमध्ये. मधले आठवडे कंपनीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. अपडेट दोन जीबीच्या वर होतं, रिचार्ज रोजच्या दीड जीबीचं, आणि फोनची सेटिंग 'फक्त वायफायवर डाउनलोड करा'. घरात वायफाय नाही. शिवाय 64 जीबीचा फोन लग्नांच्या व्हिडिओंनी आणि सकाळच्या फुलांच्या फोटोंनी गळ्यापर्यंत भरलेला, त्यामुळे उतरवून ठेवायलाही जागा नाही. आखाजीला लेक माहेरी आली, तिने व्हिडिओ पुसले, आपल्या फोनचं हॉटस्पॉट लावून दिलं आणि रात्रीतून काम झालं. गावाकडच्या कितीतरी फोनची गोष्ट हीच असते. अपडेट येऊन पडलेलं असतं, फोनवाल्याला वाटतं कंपनी देत नाही.

त्यानंतर ऑक्टोबर 2023 मध्ये अँड्रॉइड 14 आला. मुलाच्या फोनला तो मिळाला, जिभाऊंच्या नाही. येईल म्हणून ते थांबले. पुढचं वर्ष गेलं. अधूनमधून 'अपडेट तपासा' वर बोट ठेवायचे आणि फोन तेच उत्तर द्यायचा, अप टू डेट आहे. या वाक्याबद्दल मला मनापासून राग आहे. त्याचा खरा अर्थ इतकाच की सर्व्हरवर तुमच्या मॉडेलसाठी यापुढचं काही ठेवलेलं नाही. काम चालू असलं तरी हेच वाक्य आणि कंपनीने मॉडेल कायमचं सोडून दिलं तरी हेच वाक्य. साधा माणूस ते वाचून निश्चिंत होणार, दुसरं काय करणार?

दुकानात आले तेव्हा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, निंदणीच्या गडबडीत, जिभाऊ फोन घेऊन आले. गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल फिरत होती. अँड्रॉइड 16 आता सगळ्या फोनसाठी, इथे दाबा. अँड्रॉइड 16 जूनमध्येच निघाल्यामुळे बातमी खरी वाटण्यासारखी होती. त्यांनी दाबलंही होतं. फाइल उतरली, पण उघडताना फोनने अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकायची परवानगी मागितली तिथे ते थबकले आणि दुकानात आले. 'अपडेटच शे ना हे?' म्हणाले.

ती एपीके फाइल होती, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल. लग्नपत्रिकेच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या पावतीच्या नावाने, पीएम किसानच्या नावाने अशा फाइली गेली दोन वर्षं फिरत आहेत. बसली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते आणि आलेला ओटीपी परस्पर पुढे पाठवते. फोनचं खरं अपडेट कधीही लिंकवरून येत नाही. ते सेटिंगमधल्या सिस्टीम अपडेटमध्येच येतं, त्यावर कंपनीची डिजिटल सही असते आणि सही जुळली नाही तर फोन ते बसवूनच घेत नाही. फाइल पुसली. पण मला हादरवून गेलं ते दुसरंच. दीड वर्ष वाट पाहत असलेल्या माणसाला अपडेटच्या नावाने फसवणं किती सोपं आहे! ज्याला काही हवंच नाही तो अशी लिंक दाबत नाही. वाट पाहणाराच दाबतो.

मग दोन्ही फोन शेजारी ठेवून 'फोनबद्दल' हे पान उघडलं. तिथे तीन वेगवेगळ्या ओळी असतात आणि सहसा पहिलीच वाचली जाते.

पहिली ओळ अँड्रॉइडचा क्रमांक. जिभाऊंचा 13, मुलाचा 14. यात नवं रूप, नव्या सोयी असतात. गप्पा होतात त्या याच आकड्याच्या. माझ्या मते रोजच्या वापराच्या माणसाने याची वाट पाहण्यात जीव घालू नये. 13 वर यूपीआय, बँक, ई-पीक पाहणी सगळं व्यवस्थित चालतं.

दुसरी ओळ सुरक्षा अपडेटची तारीख. जिभाऊंच्या फोनवर 1 एप्रिल 2024, मुलाच्या 1 जून 2025. प्रकरण खरं या ओळीत आहे. 2015 च्या जुलैत अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाची मोठी त्रुटी उघड झाली. नुसता एक व्हिडिओ मेसेज येऊन पडला तरी फोनमध्ये शिरकाव होऊ शकत होता. त्या ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सापडलेल्या त्रुटींची यादी आणि त्यांच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करतं. यादी जाहीर असते, म्हणजे चोरालाही कळतं की कुठल्या तारखेच्या मागे राहिलेल्या फोनचं कुठलं दार उघडं आहे. तारखेच्या शेवटी कधी 1 असतो, कधी 5. 1 म्हणजे अँड्रॉइडच्या मुख्य भागाच्या दुरुस्त्या. 5 म्हणजे त्याशिवाय कर्नेल (सिस्टीमचा सगळ्यात आतला गाभा) आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या भागांच्याही.

तिसरी ओळ गूगल प्ले सिस्टीम अपडेट. हिची फारशी कोणाला खबर नसते, आणि दिलासा असेल तर हिच्यातच आहे. 2019 मध्ये अँड्रॉइड 10 पासून गूगलने काही भाग वेगळे काढले, जे फोन कंपनीला न विचारता थेट प्लेच्या मार्गाने बदलता येतात. व्हिडिओ-ऑडिओ वाचणारा भाग त्यातच आहे, म्हणजे स्टेजफ्राइटच्या जातीची त्रुटी आज निघाली तर जिभाऊंच्या सोडून दिलेल्या फोनलाही तिची दुरुस्ती मिळू शकते. क्रोमही प्ले स्टोअरवरून नवं होत राहतं. मात्र ही दुरुस्ती फोन बंद करून चालू केल्यावरच लागू होते. जिभाऊंनी फोन कित्येक महिन्यांत बंदच केला नव्हता. बंद-चालू केला तशी ही तारीख बरीच पुढे सरकली. चिपच्या आणि कर्नेलच्या त्रुटी मात्र या वाटेने भरत नाहीत, त्या एप्रिल 2024 च्या होत्या तशाच राहिल्या.

दोन फोन, दोन मुदती

जिभाऊंचा प्रश्न सरळ होता. 'ह्या फोनले तीन वरीस बी व्हयनात नही भाऊ, मंग जुना कसा व्हई गया?'

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही खोके आणले, बिलं आतच होती. जिभाऊंच्या खोक्यावर निर्मितीचा महिना छापलेला, ऑगस्ट 2022. पाकिटबंद मालावर तो छापावाच लागतो. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, दोन महिन्यांपूर्वी बनलेला माल होता, ताजाच होता. माल ताजा होता हे खरंच. पण ते मॉडेल भारतात एप्रिल 2021 मध्ये बाजारात आलं होतं, अँड्रॉइड 11 घेऊन, आणि कंपनीचा शब्द होता दोन मोठे अपडेट आणि तीन वर्षं सुरक्षा. मुदत मोजली गेली एप्रिल 2021 पासून. दिवाळीत फोन हातात आला तेव्हा तीनपैकी दीड वर्ष विक्रीच्या आधीच संपलेलं होतं आणि दोन मोठ्या अपडेटपैकी 12 आधीच चढवून झालेला होता. उरला फक्त 13. मुलाचं मॉडेल एप्रिल 2022 चं, अँड्रॉइड 12 चं, शब्द दोन मोठे अपडेट आणि चार वर्षं सुरक्षा. त्याची मुदत एप्रिल 2026.

हजार-दीड हजाराच्या फरकात दोन वर्षं. आणि यात कोणी शब्द मोडलेला नाही. कंपनीने जे लिहिलं ते दिलं. दुकानदार खोटं बोलला नाही, कारण त्याला हे कोणी विचारलंच नाही आणि त्यालाही माहीत नव्हतं. मुदतीची तारीख खोक्यावर नाही, बिलावर नाही, फोनच्या सेटिंगमध्ये नाही. ती कंपनीच्या संकेतस्थळावर कुठल्यातरी आतल्या पानावर, तीही बहुतेक वेळा इंग्रजीत. जिभाऊ म्हणाले, कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर तपासणीची तारीख आणि वैधता दोन्ही छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय आम्ही पाकीट घेत नाही. चारपाचशे-हजाराच्या पाकिटाला जे आहे ते पंधरा हजाराच्या फोनला का नसावं? मला याचं उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

युरोपात हे बदललं आहे. 20 जून 2025 पासून तिथे विकायला येणाऱ्या फोनसाठी नियम असा की अपडेट किमान पाच वर्षं द्यायची आणि ती वर्षं मोजायची त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून. पहिला फोन कधी विकला याला महत्त्व नाही, शेवटचा कधी विकला याला आहे. सवलतीत मागचं मॉडेल घेणाऱ्या माणसाचा यात विचार आहे. खान्देशात दिवाळीला विकले जाणारे कितीतरी फोन असेच सवलतीतले, मागच्या वर्षाचे असतात, म्हणून हा नियम आपल्याला सगळ्यात जास्त लागू पडणारा आहे. आपल्याकडे निदान खोक्यावर अखेरची तारीख छापायची सक्ती झाली तरी खूप होईल.

कंपन्या मुदत इतकी आखूड का ठेवतात, याचं कारण साखळीत आहे. गूगल अँड्रॉइड देतं, मग क्वालकॉम किंवा मीडियाटेक आपल्या चिपसाठीचा भाग तयार करते, मग फोन कंपनी त्यावर आपलं रूप चढवते, तपासते आणि टप्प्याटप्प्याने सोडते. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 सोबत गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणून चिपचा भाग वरच्या भागापासून वेगळा केला, त्याने काम हलकं झालं. तरी चिप कंपनीने हात काढला की फोन कंपनीला एकटीने फार काही करता येत नाही, आणि स्वस्त फोनमध्ये त्यावर खर्च करायला कोणी तयार नसतं. पण 'स्वस्तात हे जमत नाही' हे आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 ला आणि जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगने एस24 ला सात वर्षं देऊ केली तेव्हा ती महागड्यांची गोष्ट होती. 2024 च्याच ऑक्टोबरमध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी ए16 5जी आला, वीस हजारांच्या आतला, सहा वर्षांच्या शब्दासह.

काय केलं

मुलाचं म्हणणं होतं, सगळं चालतंय तर कशाला खर्च? त्यात तथ्य आहे. पॅच थांबला म्हणून फोन दुसऱ्या दिवशी लुटला जात नाही. आमच्या भागात लोकांचे पैसे जातात ते बहुतेक फसव्या कॉलमुळे आणि एपीकेमुळे, आणि त्यावर नवा पॅचही उपाय नाही; परवानगी आपणच दिली तर पॅच काय करणार? पण फोनवर फक्त व्हॉट्सॲप असणं वेगळं आणि बापजाद्यांचे शेअर असणं वेगळं. दुकानातल्या एका पोराने कस्टम रॉम, म्हणजे फोन कंपनीऐवजी इतरांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकून 15 चढवायचं सुचवलं. मी नाही म्हटलं. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद भाग, उघडावा लागतो. तो उघडला की फोनवरचं सगळं पुसलं जातं आणि बँकांची बरीच ॲप त्यानंतर चालायला नकार देतात. हौशी माणसाला ते ठीक आहे, जिभाऊंना नाही.

जुलैत नवा फोन शक्य नव्हता. खतं, निंदणी, फवारणी, पैसा सगळा शेतात. म्हणून दिवाळीपर्यंतची सोय केली. जिभाऊंकडे दोन सिम होती. बँकेला आणि डिमॅटला जोडलेलं सिम स्मार्टफोनमधून काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं. ओटीपी तिथे येऊ लागला, जिथे कुठलीही एपीके पोहोचत नाही. डिमॅट आणि बँकेची ॲप त्यांच्या फोनवरून काढली. आकडा पाहायचा तर मुलाच्या फोनवर. बाजारहाटाच्या यूपीआयसाठी दुसऱ्या सिमवर वेगळं छोटं खातं, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवायचे नाहीत. सकाळच्या चहासोबतचा आकडा गेला, याचं जिभाऊंना वाईट वाटलं. चार दिवस रुसवाही झाला. पण त्यांनी ते पाळलं. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी त्याच जुन्या फोनवरून झाली, बांधावर उभं राहून फोटो काढले, काही अडलं नाही.

दिवाळीला नवा फोन घ्यायला आम्ही सोबत गेलो. कॅमेरा, रॅम, चार्जिंगचा वेग हे सगळं दुकानदाराने सांगितलं. जिभाऊंनी दोनच गोष्टी विचारल्या: हे मॉडेल बाजारात कधी आलं, आणि सुरक्षा अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत. उत्तर काउंटरवर कोणाकडेच नव्हतं, मग कंपनीच्या संकेतस्थळावर तिथेच उभं राहून शोधलं. सगळ्यात मोठी सवलत असलेला फोन 2024 च्या सुरुवातीचा निघाला, तीन वर्षांच्या शब्दाचा. तो बाजूला ठेवला. घेतला तो 2025 मध्येच आलेला, मुदत 2031 पर्यंतची. कॅमेरा थोडा उणा आहे. बिलाच्या मागे जिभाऊंनी पेनाने मुदतीचं वर्ष लिहून ठेवलं.

जुना फोन आता घरातल्या मायकडे आहे, नाशिकच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायला आणि अहिराणी गाणी ऐकायला. त्यात बँकेचं काही नाही, आणि दर रविवारी तो बंद-चालू करायची आठवण नातवाने फोनवरून करून द्यायची असं ठरलं आहे. मुलाच्या फोनची मुदत एप्रिल 2026 पर्यंतचीच. दुधाचे पैसे त्याच्या यूपीआयवर येतात, डिमॅटचं ॲपही अजून त्याच्याच फोनवरून काढायचं राहिलं आहे. कापूस विकल्यावर बघू, असं तो म्हणतो. ॲप काढायला कापसाची वाट पाहायचं कारण नाही, तेवढं या आठवड्यात करून घ्यायचं मी त्याला सांगितलं आहे.